मागे राहिलेल्यांचा हिशेब

कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या काही गावांत आजही एक दगडी पाटी पाहायला मिळते. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने ती बसवली. १९१४ ते १९१९ या काळात या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. आमच्या पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की पुढे महाड तालुका येतो. तिथल्या आंबवड्याची ओळखच 'फौजी आंबवडे' अशी आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत.

पाटीवर आकडे दोनच. गेले किती आणि कामी आले किती. माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे दोन आकडे दिसले की मन आपोआप तिसरा शोधू लागते. मागे राहिल्या किती? त्या चार-पाच वर्षांत नांगर कोणी धरला, सावकाराशी कोण बोलले, मुलीचे लग्न कोणी ठरवले, म्हाताऱ्याचे औषधपाणी कोणी केले? या प्रश्नांची नोंद कुठल्याही दगडावर नाही. कागदावरही फारशी नाही. आणि जे कागदावर नसते ते पुढे नाकारायला सोपे जाते, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

युद्ध आणि स्त्रिया असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातली चित्रे येतात. डोक्याला रुमाल बांधून विमानाच्या कारखान्यात उभी असलेली अमेरिकन बाई, लंडनच्या बसमधली स्त्री कंडक्टर. ब्रिटनने तर डिसेंबर १९४१ मध्ये कायदाच केला आणि अविवाहित तरुणींना युद्धाच्या कामाला बोलावून घेतले. पुरुष आघाडीवर गेले म्हणून घरातली बाई कारखान्यात आली, अशी ती गोष्ट आहे. ती खरी आहे, पण आपल्याकडे ती जशीच्या तशी बसत नाही. आपल्या बहुसंख्य बायका घरात बसलेल्या नव्हत्याच. पनवेल-उरणच्या मिठागरांत, भाताच्या खाचरांत, मासळीच्या बाजारात, मुंबईच्या गिरण्यांत त्या आधीपासून राबत होत्या. त्यांना काम नवे नव्हते. युद्धाने नवी आणली ती जबाबदारी आणि तिच्याबरोबर येणारा थोडासा अधिकार. बियाणे कोणते घ्यायचे, बैल विकायचा की ठेवायचा, हे ठरवायला घरात पुरुष उरला नाही, म्हणून ते बाईने ठरवले.

कोकणाला याची सवय थोडी आधीच लागली होती. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, आणि बायको गावाला शेत, गुरे आणि सासूसासरे सांभाळून. चाकरमान्याची बायको आणि शिपायाची बायको यांचा दिवस सारखाच उजाडे. दोघींचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे. फरक होता तो काळजीत. गिरणीतला माणूस शिमग्याला, गणपतीला घरी येई; मेसोपोटेमियात गेलेल्याची खबरसुद्धा येत नसे. कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी या फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांच्या घरी बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे, हेसुद्धा ठरवता येत नव्हते. अशा अवस्थेत तिने शेत पिकवले. तरीही पगारातली रक्कम अनेक घरांत सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावाने येई. राबणारी एक आणि पोस्टात सही करणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती.

दुसऱ्या महायुद्धाने शहरातल्या मध्यमवर्गीय घरांनाही हलवले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो आणि विशाखापट्टणम येथे जपानी बॉम्ब पडले. मुंबईत घबराट पसरली. बायकामुलांना गावी पाठवून पुरुष एकटे खोलीवर राहू लागले. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकणात जाणाऱ्या कितीतरी बिऱ्हाडांची वाट याच गावावरून गेली. शहरात वाढलेल्या, नळाचे पाणी वापरलेल्या सुना विहिरीवर आल्या आणि आपले घर चालवायला शिकल्या. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. २ मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले. हिंदुस्थानात अशी पद्धतशीर शिधावाटप प्रथम सुरू करणारे शहर मुंबईच. भात खाणाऱ्या घरांत गहू-ज्वारी आली, रॉकेल मोजून मिळू लागले, कापडही टंचाईचे झाले. पुरुषाच्या पगाराएवढाच बाईचा रांगेतला वेळ घराला आवश्यक ठरला. या काळात शिकलेल्या मुलींना रेशनिंगच्या कचेऱ्यांत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकऱ्या मिळू लागल्या. गिरगाव-दादरच्या ज्या घरांतून मुलगी शिक्षिका होण्यापलीकडे पाऊल टाकत नव्हती, तिथून ती डबा घेऊन कचेरीत जाऊ लागली. महागाईने तिच्या वडिलांचे मतपरिवर्तन केले, असे म्हटले तरी चालेल.

एप्रिल १९४२ मध्ये लष्करात महिलांचे सहायक दल स्थापन झाले. टंकलेखन, संदेशवहन, मोटार चालवणे, भांडाराचे हिशेब अशा कामांवर दहा हजारांहून अधिक स्त्रिया या दलात होत्या. १९४४ मध्ये त्याची नौदलाची शाखाही निघाली. युद्ध संपले आणि हे दल मोडीत निघाले. पुढे वैद्यकीय शाखा सोडून इतर कामांसाठी भारतीय सैन्यात स्त्री अधिकारी घेतल्या गेल्या त्या १९९२ मध्ये. मधल्या पंचेचाळीस वर्षांत बायकांची बुद्धी किंवा ताकद कमी झाली होती असे कोणी म्हणणार नाही. गरज संपली होती, इतकेच.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती कोळशाच्या खाणींची हकीकत. खाणीत पुरुष कोळसा फोडायचा आणि त्याची बायको टोपलीत भरून वाहायची, अशी जोडीने काम करण्याची जुनी रीत होती. भूगर्भातले काम बायकांना घातक म्हणून सरकारने टप्प्याटप्प्याने त्यांना बाहेर काढायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी घातली. हेतू चांगला होता. पण घरातली एक मजुरी बुडाली, तिची भरपाई कोणी केली नाही. मग युद्ध आले. विमानतळ आणि लष्करी बांधकामांवर मजुरी जास्त मिळते म्हणून मजूर खाणी सोडून जाऊ लागले. आगगाड्या आणि कारखाने कोळशावाचून अडले. तेव्हा १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली आणि बायका पुन्हा भूगर्भात उतरल्या. ज्या प्रांतांत ही बंदी उठली त्यांत मध्य प्रांतही होता, आणि विदर्भातला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत होता.

व्हाइसरॉयच्या मंडळात त्या वेळी मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बंदी उठवण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचा विरोध होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर सरकारला धारेवर धरण्यात आले. हा आणीबाणीतला तात्पुरता उपाय आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व मान्य झाल्याची नोंद त्यांनी सभागृहात करून ठेवली. समान वेतनाचा कायदा आपल्या देशात व्हायला १९७६ उजाडले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नोंदीचे मोल कळते. खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदाही त्याच काळात सुधारला गेला.

युद्ध संपले. १ फेब्रुवारी १९४६ पासून भूगर्भातल्या कामाची बंदी पुन्हा लागू झाली. स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यातही ती राहिली, आणि २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ती अटींवर शिथिल केली. त्या अंधारात पाठीवर ओझे वाहणे सुखाचे होते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. खाण ही बाईला वाईट तशीच पुरुषालाही वाईट. माझा प्रश्न वेगळा आहे. जे काम १९३७ मध्ये बाईच्या प्रकृतीला घातक होते, ते १९४३ मध्ये चालले कसे, आणि १९४६ मध्ये पुन्हा घातक झाले कसे? तिची प्रकृती तर तीच होती. बदलली होती कोळशाची मागणी. २०२२ नंतर युक्रेनमध्येही हेच घडले. खाणकामगार आघाडीवर गेले, युद्धकाळापुरती मनाई बाजूला ठेवली गेली आणि स्त्रिया भूगर्भात उतरल्या. शांतता आल्यावर त्यांचे काय होईल, ते पाहायचे.

असे दार उघडून पुन्हा लावून घेण्याचा अनुभव केवळ स्त्रियांचा नाही. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी करावी लागली. सुभेदाराच्या घरात जन्मलेल्या बाबासाहेबांना ही रीत कोणी शिकवायला नको होती. गरजेपोटी मिळालेली जागा गरज सरली की जाते. ती टिकवायची तर तिला नियमाचा, कागदाचा आधार लागतो.

आता आपल्या स्वतंत्र देशातल्या युद्धांकडे येऊ. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचे दागिने काढून दिले, जवानांसाठी स्वेटर विणले. १९७१ च्या डिसेंबरात मी शाळेत होते; खिडक्यांना लावलेले काळे कागद आणि संध्याकाळी रेडिओभोवती जमलेली मोठी माणसे मला आठवतात. युद्धे थोड्या दिवसांची झाली, पण फौजी घरांत पुरुष नसण्याचा काळ थोडा नसतो. तिथे पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत नवरा वर्षाकाठी दोन महिने घरी. म्हणजे युद्ध असो वा नसो, त्या घराची व्यवस्था कायम युद्धकाळाचीच.

ही व्यवस्था मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली. नोकरीतली काही वर्षे मी कोकणातल्या अशा शाखांत काढली, जिथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत जाई. रांगेत म्हाताऱ्या सुभेदार-हवालदारांबरोबर पुष्कळ बायका असत. काही खणखणीत सही करीत, काही अंगठा उठवीत. घरचा व्यवहार त्यांना तोंडपाठ असे. खताची उधारी, धाकट्याची फी, छपराचे पत्रे, सारे पैशापैशाने सांगत. पण "खाते कोणाच्या नावावर?" या प्रश्नाला उत्तर यायचे, "त्यांच्या." बरीच वर्षे पेन्शनचे खाते एकट्या पेन्शनरच्या नावावरच ठेवावे लागे, पत्नीबरोबर संयुक्त खाते ठेवण्याची मुभा या शतकात मिळाली. पेन्शनर गेला की खाते थांबे आणि तीस वर्षे घर चालवलेली बाई आपण त्याची बायको असल्याचे सिद्ध करायला कागद शोधत हिंडे. नोंदणीत तिचे नाव माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे, मतदारयादीत तिसरेच. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागे, आणि विधवेकडून पुनर्विवाह केला नसल्याचे निवेदनही घेतले जाई. हा नियमांचा भाग होता. आम्ही तो पाळत होतो. पण चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी त्या कागदावर सही करताना मान वर करीत नसे, एवढे मात्र सांगते.

कारगिलच्या युद्धानंतर, १९९९ पासून, हुतात्म्यांच्या कुटुंबांना मिळणारी मदत मोठी झाली. रोख रक्कम, पेट्रोल पंप, गॅस एजन्सी. मदत योग्यच होती. पण तिच्याबरोबर देशभर घराघरांत एक जुना प्रश्न उभा राहिला. पैसा कोणाचा? सुनेचा, की ज्यांनी मुलगा वाढवला त्या आईवडिलांचा? सासूसासऱ्यांचे दुःख खोटे नव्हते आणि त्यांची गरजही खोटी नव्हती. तरी पुष्कळ ठिकाणी यावर काढलेला तोडगा एकच होता, सुनेचे लग्न दिराशी लावायचे, म्हणजे पैसा घरात राहील. याला सरकारी नियमाचीही साथ होती. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला मिळणारा भत्ता तिने पुनर्विवाह केल्यास बंद होई. मात्र तिने नवऱ्याच्या भावाशी लग्न केले तर तो चालू राही. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढून टाकली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. तोपर्यंत देशासाठी प्राण दिलेल्या माणसाच्या पत्नीला पैसा हवा असेल तर नवरा कोण करायचा, हे सरकारी नियम सुचवत होते. अट गेल्याची बातमी आली, छापली गेली आणि विसरली गेली. मला मात्र तो दिवस मोठा वाटतो.

कारण खरा बदल असाच होतो. मेडल आणि भाषणांनी तो होत नाही. नियमातली एक ओळ खोडली जाते तेव्हा होतो. रेशनकार्डाचेच पाहा. रेशनिंग आले ते दुसऱ्या महायुद्धात. रांगेत उभी राहिली बाई, पण कुटुंबप्रमुख म्हणून नाव बहुतेक घरांत पुरुषाचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख, असे ठरवले. मुंबईतल्या पहिल्या रांगेपासून या ओळीपर्यंत यायला सत्तर वर्षे लागली. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन देण्याचा निकाल दिला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. १९४२ मधल्या मुलींना गरज म्हणून घेतले होते आणि गरज संपल्यावर घरी पाठवले होते. या सतरा जणींना तसे परत पाठवता येणार नाही, कारण त्यांची जागा नियमाने मिळालेली आहे.

मग आपण, ज्यांच्या घरात कोणी फौजेत नाही, त्यांनी यातून काय घ्यायचे? युद्ध ही घराची कसोटी असते. आजारपण, नोकरी जाणे, साथ याही तशाच कसोट्या. अशा वेळी घर कोण चालवते हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि संकट टळल्यावर "तुला त्यातले काय कळते?" हे वाक्यही पुष्कळ घरांत परत येते. कौतुकाने हा प्रश्न सुटत नाही. "आमच्या आईने खूप सोसले" असे म्हणणाऱ्या किती मुलांनी तिचे नाव सातबाऱ्यावर लागले आहे का, वारस नोंद झाली आहे का, याची चौकशी केली? नव्या पनवेलपासून खारघर-कामोठ्यापर्यंत इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या फ्लॅटच्या करारनाम्यावर दुसरे नाव बायकोचे असते, पण पुष्कळदा ते कर्जासाठी तिचा पगार धरायचा म्हणून. ठेवींवर नामनिर्देशन आहे का, विम्याचे कागद कुठे आहेत, हे तिला माहीत असते का? हे प्रश्न अप्रिय वाटतात. पण ज्यांनी ते नवरा हयात असताना विचारले, त्यांना नंतर आमच्या काउंटरवर रडावे लागले नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते.

फौजी गावांच्या ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ज्यांचे नवरे सीमेवर होते, त्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी त्या वर्षांत शेत कसे केले, कर्ज कसे फेडले, मुले कशी शिकवली, हे गावातल्या शाळेच्या मुलांकडून लिहून घ्या. एखादी दोनशेपानी वही पुरे. जुन्या पाटीवर नवा मजकूर कोरण्याची गरज नाही. तो दगड त्याच्या काळाचा साक्षीदार म्हणून तसाच राहू द्या. शेजारी ही वही असली, की गेलेल्यांबरोबर मागे राहिलेल्यांचीही बेरीज मांडता येईल. त्या बायकांपैकी पुष्कळ जणी अजून बोलत्या आहेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातल्या किती राहतील, हे सांगता येत नाही. म्हणून हे काम याच हिवाळ्यात, भात झोडून झाले की हातात घ्यावे.